पाचवा दोरा

१

परदेशातून परत येणाऱ्या माणसाला लोक नंतर बघतात, आधी त्याच्या बॅगा बघतात. माणूस काय, दोन हातांचा, दोन पायांचा, गेला तसाच येतो. बॅगा किती फुगल्यात त्यावर त्याची गावातली पत ठरते. एवढं ज्याला कळलं नाही, तो परदेशात राहून फुकट गेला म्हणायचं.

कडकला हे पक्कं ठाऊक होतं. त्याचं नाव काही वेगळंच, पण हॉटेलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत सगळे त्याला कडकच म्हणत, कारण त्याच्या हातची कॉलर अशी उभी राहायची की घालणाऱ्याला मान वाकवायची चोरी. स्वभावाने म्हणाल तर गडी अगदीच मऊ. नऊ वर्षं इस्त्री केली, कुणाला उलटून एक शब्द बोलला नाही. आता हॉटेलने कपडे बाहेर धुवायला द्यायचं ठरवलं आणि तळघरातल्या सगळ्यांना घरचं तिकीट दिलं. त्याचं तिकीट रविवारचं होतं. हातात शुक्रवार आणि शनिवार, एवढाच काय तो बाजार.

बाजार म्हणजे पत्र्याच्या छपराखाली शंभरेक दुकानं. बाहेर कपड्यांचे ढीग, ढिगावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर भाव. भाषा येत नसली तरी अडत नाही. दुकानदार कॅल्क्युलेटरवर आकडा दाबून दाखवतो, आपण तो पुसून आपला दाबायचा, मग तो कपाळावर हात मारतो, आपण दोन पावलं दाराकडे टाकायची. नऊ वर्षांत कडक या खेळात चांगलाच तयार झाला होता.

मापाची भानगड मात्र होती. आई, बायको, थोरला आणि धाकटी. थोरल्याला बघून पाच वर्षं झालेली, पोरगा बांबूसारखा वाढला असणार. धाकटीला तर त्याने डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. मागच्या सुट्टीवरून तो परतला तेव्हा ती पोटात होती. घरचं नेट असं, की व्हिडिओवर पोरीचं नाक दिसलं की डोळे गायब. म्हणून बायकोने युक्ती केली. गावचाच एक ड्रायव्हर त्याच हॉटेलात गाडी चालवायचा, तो सुट्टीवर गेला होता. त्याच्याबरोबर तिने दोऱ्यांची पुडी पाठवली. प्रत्येकाचा एक दोरा. टोकापासून पहिली गाठ गळ्याची, दुसरी खांद्याची, तिसरी छातीची, शेवटची लांबीची. दोऱ्याला चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर कुणाचा ते लिहिलेलं.

धाकटीचा दोरा लाल होता. बाकीच्यांची खरेदी हातासरशी उरकेल, पण धाकटीचा फ्रॉक बघून बघून घ्यायचा, हे त्याने महिनाभर आधी ठरवून ठेवलं होतं. त्याच्या जिवाला घोर होता तो एवढाच. पोरगी आपल्याकडे येईल का, की आईच्या मागे दडून "हा कोण" म्हणेल? नऊ वर्षं कशासाठी काढली, याचं उत्तर त्या पोरीच्या दोन पावलांत होतं.

२

फ्रॉकच्या दुकानात त्याने पुडी पहिल्यांदा पूर्ण उलगडली. लाल दोरा काढला, फ्रॉकच्या गळ्यावर धरला, खांद्यावर धरला. एवढीशी पाठ. हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. दुकानदार बाईने बघितलं आणि कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला.

पिवळ्या रंगाचा, खिशांचा फ्रॉक त्याने पक्का केला. दोरे परत पुडीत भरताना त्याने सवयीने मोजले.

पाच भरले.

चिठ्ठ्या चारच होत्या. पाचवा दोरा पांढरा, लांबलचक, मोठ्या माणसाचा. आणि याला शेवटी एक नाही, दोन गाठी होत्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर.

त्याने तिथूनच घरी फोन लावला. बायकोने लगेच उचलला.

"अगं, दोरे पाच कसे?"

"पाचच माणसं ना आपण," ती म्हणाली. "तुम्ही काय हवेतून पडलात? स्वतःला काही घेणार नाही तुम्ही, चांगलं माहीत आहे मला. म्हणून तुमचंही माप पाठवलं. एक चांगला शर्ट घ्या. पांढरा नको, मळतो."

"माझं माप इथे माझ्या अंगावरच आहे की."

"ते तुम्ही विसराल," ती हसली. "दोरा असला की घ्याल."

फोन ठेवल्यावर तो जरा वेळ उगाच हसत उभा राहिला. बाई आपली काळजी करते, एवढ्या लांबून दोरा पाठवते. माप जुन्या शर्टावरून घेतलं असणार. कपाटात त्याचे दोन तरी शर्ट होतेच. सरळ गोष्ट होती.

बसमध्ये बसल्यावर मात्र एक आठवलं. तिकिटाचं सांगितल्यापासून तिने एकदाही विचारलं नव्हतं, की विमान किती वाजता पोचतं. आधी प्रत्येक फोनला रडायची, "कधी येताय हो, कधी येताय." हल्ली रडत नव्हती. बरं झालं, म्हणायला हवं होतं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

३

खोलीवर मास्तर होता. मास्तर म्हणजे हॉटेलच्या गणवेशांची शिलाई बघणारा टेलर, आपल्याच भाषेचा, त्याच खोलीत वरच्या पलंगावर झोपणारा. तोंडाचा तिखट, हाताचा गोड. त्याचं विमान सोमवारचं होतं.

"आण तो दोरा," मास्तर म्हणाला. "उभा राहा सरळ. सरळ म्हटलं मी, तुला जमेल तेवढं."

त्याने दोरा कडकच्या गळ्याभोवती फिरवला. गाठ गाठीवर आली. खांद्यावर धरला. छातीभोवती धरला. मग पाठीमागे गेला आणि शेवटच्या दोन गाठी पुन्हा पुन्हा लावून बघू लागला.

"काय झालं?"

"तुझ्या घरी टेलर आहे का कुणी?"

"नाही बुवा."

"मग हे कुणी घेतलं? अरे, हे शर्टाचं माप नाही. शर्टाला एवढी नेमकी गाठ पडत नाही, शर्ट ढिला असतो. हे अंगाचं माप आहे. आणि या शेवटच्या दोन गाठी कशाच्या, कळलं का? डावा खांदा ते कंबर एक, उजवा खांदा ते कंबर दुसरी. तुझा उजवा खांदा बोटभर उतरलाय, लेका. इस्त्रीच्या मोठ्या प्रेसचा दांडा ओढून ओढून. ते माझ्यासारख्याला दिसतं, बाकी कुणाला दिसायचं नाही."

कडकने आरशात बघितलं. खांदा खरंच उतरलेला होता. त्याला स्वतःला आज दिसला.

मोठ्या प्रेसवर त्याला बसवलं ते मागच्या सुट्टीनंतर. म्हणजे या खांद्याचा माणूस घरी कधी गेलाच नव्हता.

"व्हिडिओवर दिसलं असेल," तो म्हणाला.

"व्हिडिओवर बोटाचं माप?" मास्तर हसला. मग कडकचा चेहरा बघून हसायचा थांबला. "असेल, असेल. बायकांना कळतं. माझी तर मी खोकलो की सांगते, काय खाल्लंय ते. दे सोडून."

कडकने दे सोडून म्हटलं, आणि रात्रभर तो उजव्या कुशीवर काही झोपू शकला नाही.

४

शनिवारी सकाळी हॉटेलच्या मागच्या दारात ड्रायव्हर गाडी पुसत होता. कडक सहज विचारावं तसं विचारायला गेला; सहज काही जमलं नाही.

"तू पुडी आणायला घरी गेलास ना, तेव्हा कोण कोण होतं?"

"सगळीच होती. वहिनी, म्हातारी, पोरं. चहा घ्या म्हणाल्या, पण मला घाई. दारातूनच निघालो."

"आणखी कुणी?"

ड्रायव्हरने फडकं पिळलं. "आत न्हाणीत कुणीतरी अंघोळ करत होतं. गुणगुणत होतं. बाप्या माणसाचा आवाज. मला वाटलं पाहुणे असतील." मग जरा ओशाळून म्हणाला, "भाऊ असेल वहिनींचा."

तिला भाऊ नव्हता.

आता माणसाचं मन कसं असतं बघा. बाजाराच्या बसमध्ये बसल्यावर कडकच्या मनात जे आलं, ते कुणाही नवऱ्याच्या आलं असतं. त्याची त्याला लाजही वाटली. पाच वर्षं बाई एकटी. आपण तरी काय, पैसे पाठवले आणि फोनवर जेवलीस का विचारलं. दुसरा कुणी असेल तर असेल. घरी जाऊ, भांडू, रडू, काहीतरी मार्ग निघेल. खरं सांगायचं तर तो विचार धरून बसायला त्याला बरं वाटत होतं. पण दुसरा कुणी असला, तर त्याचा खांदा उतरलेला का असेल?

बाजारात त्याने भराभर सामान घेतलं. ओळखीपाळखीत वाटायला कीचेन, नेलकटर, बॅटऱ्या, अत्तराच्या बारक्या बाटल्या डझनाने. आईला लोकरीची शाल. थोरल्याला बूट, अंदाजापेक्षा एक नंबर मोठे, कारण पोराचे पाय कुणासाठी थांबत नाहीत. धाकटीला चावी दिली की दुडदुडणारं बदक दिसलं. हिरवं घ्यावं की निळं, म्हणून त्याने फोन लावला. नेमका तिनेच उचलला.

"कोण बोलतंय?"

"मी बाबा. तुला बदक आणतोय. कुठल्या रंगाचं आणू?"

ती विचारात पडली. "बाबा तर इथे आहेत," ती म्हणाली.

"कुठे?"

"माझे बूट बांधतायत."

एवढं बोलून तिने फोन कुणाला तरी दिला. फोन आईच्या हातात गेला होता. म्हातारीचा आवाज खणखणीत.

"कोण रे? तू होय. कुठून बोलतोयस?"

"आई, घरी कोण आलंय?"

"कोण येतंय आमच्याकडे मरायला? तूच काय तो."

"आई, मी इकडे आहे. उद्या निघतोय."

"परत निघालास?" म्हातारीचा आवाज एकदम खाली आला. "नको रे बाबा. आत्ता कुठे घर घरासारखं झालंय. काल झोपताना पाय चेपून दिलेस, रात्रभर कळ आली नाही बघ. आणि चिडतही नाहीस हल्ली. मागे आला होतास तेव्हा किती वसवस करायचास. सुधारलास हो."

आईचं वय झालंय, कडकने स्वतःला सांगितलं. वय झालं की माणसाचा काळवेळ उलटापालटा होतो. पोर लहान आहे, पोरं काहीही बोलतात. शेजारचा कुणी असेल, त्यालाच ती बाबा म्हणत असेल. एकेक गोष्ट वेगळी काढली, की तिचं उत्तर मिळत होतं. सगळ्या एकत्र ठेवल्या, की एकही उत्तर पुरत नव्हतं.

मागे खरंच तो वसवस करायचा. चाळीस दिवसांची सुट्टी आणि त्यातले वीस दिवस भांडणात घालवले होते. ते फक्त घरच्यांना माहीत होतं.

त्याने हिरवं आणि निळं, दोन्ही बदकं घेतली.

५

संध्याकाळी बाजार मिटायच्या आधी तो शर्टाच्या दुकानात गेला. पांढरा दोरा खिशात होता. घ्यायचा नाही, असं ठरवून गेला होता. पण बाजारात ठरवलेलं कुणाचं टिकतं?

दुकानदार म्हातारा होता, डोळ्यांवर जाड चष्मा. कडकने बारीक चौकड्यांचा शर्ट काढला. कापडावरून हात फिरवला. चांगलं सूत, इस्त्री धरून ठेवणारं. असा शर्ट त्याने नऊ वर्षं दुसऱ्यांसाठी कडक केला होता, स्वतःला एकदाही घेतला नव्हता. दोरा लावला. गाठी जिथल्या तिथे बसल्या.

मग त्याने तो शर्ट घडी करून परत ठेवला आणि तसाच, पण दोन नंबर लहान काढला.

दुकानदाराने मान हलवली. शर्टाकडे बोट केलं, कडकच्या छातीकडे बोट केलं, दोन्ही हात जवळ आणून दाखवले. बसणार नाही.

"माहीत आहे," कडक मराठीत म्हणाला. "बसूच नये त्याला."

म्हातारा काय समजला कोण जाणे, त्याने भाव न करता शर्ट बांधून दिला.

बाहेर येऊन कडक पिशवी धरून उभा राहिला. हसू येण्यासारखंच होतं सगळं. आपलं घर, आपली पोरं, आपली म्हातारी, आणि त्या सगळ्यावर आपला हक्क सांगायला आपण काय केलं, तर दोन नंबर लहान शर्ट घेतला. आपल्या रागाची उडी ही एवढीच. त्याला स्वतःची इतकी कीव आली, की रस्त्याच्या कडेला बसून तो रडला. आजूबाजूने पिशव्या घेतलेली माणसं जात होती. परतीच्या दिवसांत त्या बाजारात कुणी रडलं तर कुणी वळून बघत नाही.

६

रविवारी दुपारी बॅगा भरून झाल्या. मास्तरने बॅगेवर गुडघा टेकून चेन ओढली, दोरीने आवळली, गाठ मारली.

"काही विचार करत बसू नकोस," तो म्हणाला. "माणूस लांब राहिला की डोक्यात किडे पडतात. दारात उभा राहशील, पोरगी गळ्यात पडेल, सगळं विसरशील. पोचलास की फोन कर."

कडक त्याला कडकडून भेटला. मास्तर शिव्या देत बाहेर निघून गेला, कारण त्यालाही रडू आलं होतं.

मागच्या दारात ड्रायव्हर गाडी लावून उभा होता. सामान चढलं. आणखी दोघे यायचे होते. कडक पायरीवर बसला आणि त्याने घरी फोन लावला. तिकडे जेवायची वेळ झाली असणार.

बायकोने उचलला. ती हळू बोलत होती, तोंडाशी पदर धरल्यासारखी.

"निघालात?"

"निघतोय. गाडी दारात आहे."

तिकडे भांडी वाजत होती. कुणीतरी पाट सरकवला.

"ऐकतेस ना?"

"ऐकते," ती म्हणाली. "एक सांगू? रागावू नका. सामान कुणाबरोबर तरी पाठवून द्या. ड्रायव्हर भावजी आहेत, त्यांच्याबरोबर द्या."

"आणि मी?"

"मुलं रमलीत हो," ती म्हणाली आणि रडायला लागली. किती दिवसांनी ती त्याच्याशी बोलताना रडत होती. "पहिल्यांदा रमलीत. थोरला शाळेतलं सगळं सांगतो. धाकटी मांडीवरून उतरत नाही. आईंचे पाय बरे झालेत. मला पण... मी काय करू? मी किती वर्षं वाट बघितली, तुम्हाला माहीत आहे ना? बघितली ना मी?"

"बघितलीस," कडक म्हणाला. ते खरंच होतं.

"एके दिवशी संध्याकाळी दार वाजलं. मी उघडलं. मी काही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका."

"कोण आहे तो?"

तिच्या मागून एक आवाज आला.

"कोणाचा फोन गं?"

आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही, असं म्हणतात. पण कडक धाकटीसाठी फोनवर गोष्टी बोलून पाठवायचा, आणि पाठवायच्या आधी रात्री एकटा बसून त्या पुन्हा ऐकायचा, नीट झाल्यात का म्हणून. तो आवाज त्याला तोंडपाठ होता. तोच आवाज, फक्त जरा निवांत, पोटभर झोपलेल्या माणसाचा.

"कुणाचा नाही," बायको म्हणाली. "चुकून लागलाय."

"मग ठेव की. ताट वाढलंय. गार होतंय."

"ठेवते."

तिने फोन ठेवला. कशावर तरी उपडा ठेवला, फळीवर नाहीतर कोनाड्यात. बंद मात्र केला नाही. विसरली असेल, किंवा मुद्दाम तसाच ठेवला असेल. कडकला वाटलं, मुद्दामच असावा.

आता त्याला सगळं घर ऐकू येत होतं. आईचं "मीठ कमी आहे गं" म्हणणं. थोरल्याचा नवा, फुटलेला आवाज, शाळेतल्या कुठल्याशा मॅचबद्दल. मग तो दुसरा काहीतरी हळू म्हणाला आणि सगळे हसले. आई हसली. बायकोही, रडून झालेल्या नाकाने हसली. मग त्याने धाकटीला हाक मारली, एकदाच. घरभर दुडुदुडु पावलं वाजली, आणि ती त्याच्या अंगावर जाऊन आदळल्याचा आवाज आला.

उठावं, ओरडावं, असं कडकच्या मनात आलं. "मी आहे, मी, मी" असं त्या फळीवरून ओरडलं असतं, तर सगळ्यांनी ऐकलं असतं. पोरगी दचकली असती. जेवण तसंच राहिलं असतं.

बाकीचे दोघे येऊन गाडीत बसले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. "चल रे, विमान चुकेल!"

कडकने हात वर करून त्याला थांबायची खूण केली. मग तोच हात दुसऱ्या कानावर दाबून धरला, कारण तिकडे धाकटी गोष्ट सांगा म्हणून हट्ट करत होती, आणि तो आता सांगायला लागला होता.